टेबलावरचा घरजावई

व्होल्ट, ओहम मोजायच्या माझ्या जुन्या मल्टिमीटरचा रेंज बदलायचा खटका ढिला झाला आणि नवा कसला घ्यायचा, टेबलावरचा की हातातला, हा प्रश्न बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरात शिरला. तेव्हापासून खडेबाजारातून जायची सोय राहिली नाही. ज्यांनी जन्मात फ्यूजची तार बदलली नाही, तेसुद्धा अडवून विचारतात, "घेतलास काय रे मीटर?"

उद्यमबागेतल्या मित्राचं मत पक्कं. "टेबलावरचा घे लेका, साडेसहा डिजिटचा, सहा-सात आकडे दाखवणारा. चार वायरीनं मिलीओहम, म्हणजे ओहमचा हजारावा हिस्सा मोजतोय." बोलतो ते खरंच. हातातल्या मीटरचे प्रोब एकमेकांना टेकवले तरी पॉइंट दोन-तीन ओहम दिसतात, ते वायरींचेच. चार वायरीत दोघी करंट नेतात, दोघी नुसतं व्होल्टेज बघतात, म्हणून वायरीचा रेझिस्टन्स मधे लुडबुडत नाही.

त्याच्याकडं जाऊन नऊ व्होल्टची बॅटरी लावून बघितली. माझा जुना मीटर ९.१२ म्हणून गप्प बसला असता. हा ९.१२४३७ म्हणाला, मग ३६, मग ३५. दहा व्होल्टच्या रेंजला शेवटचा आकडा दहा मायक्रोव्होल्टचा! बॅटरी डोळ्यांदेखत म्हातारी होत होती आणि मला उगाच तिची काळजी लागली.

पण हा मीटर म्हणजे घरजावई. एकदा टेबलावर बसला की हलायचं नाव नाही, आणि सकाळी नीट तापून खरं बोलायला त्याला तास-अर्धा तास लागतो. तोवर आमच्याकडं लाइट जाते.

शिवाय खानापूरची आत्या. पावसाळा आला की तिचा फोन ठरलेला. "मोटर नुसती घूं घूं करालीय, फिरंना. ये की रे बाळा." म्हणजे एक फेज गेला. चिखल तुडवत विहिरीवर जायचं, स्टार्टरचं झाकण उघडायचं. फेज-फेजमध्ये ४१५ व्होल्ट. तिथं कॅट थ्री, ६०० व्होल्ट असा सुरक्षेचा दर्जा लिहिलेलाच मीटर पाहिजे. टेबलावरच्यांवर बहुधा कॅट टू, ३०० असतं. आणि तो नेलाच, तर विहिरीवर त्याचा प्लग कुठं, आंब्याच्या खोडात खुपसू?

बायकोनं एकच विचारलं, "तो टेबलावर बसला तर आम्ही जेवायचं कुठं?"

हातातला घेतला. मित्र दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी मिलीओहमचं काम निघालंच, तर म्हणाला, "आण की तुझा सर्किट बोर्ड इकडं. येताना पाव किलो कुंदा आण."