बसतंय ना? मग लावा!

दसरा झाला की मराठवाड्यात उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला निघतात आणि नेमकी तेव्हाच तुमच्या सीओटू वेल्डिंग मशीनची टॉर्च, म्हणजे जिच्यातून वायर आणि करंट जॉबपर्यंत जातात ती हातातली दांडी, जळते. घाबरू नका. नवी टॉर्च घेणं म्हणजे पैशाचं पाणी. दुकानातला तो तेलकट डबा पालथा घाला. मागच्या चार टॉर्चचे अवशेष त्यात आहेत, वाळूज एमआयडीसीच्या भंगारातून किलोवर आणलेली केबल खुंटीला लटकलेली आहे. एवढ्या सामानात एक टॉर्च सहज उभी राहते. नियम एकच पाळायचा: जे बसतं ते चालतं.

सुरुवात टिपेपासून, म्हणजे टॉर्चच्या तोंडाशी वायरीला करंट देणाऱ्या छोट्या नळीपासून. पंधरा नंबरच्या टॉर्चची टिप 25 मिलिमीटर, पंचवीस नंबरची 28. आटे दोघींचे एम-6, म्हणजे 6 मिलिमीटरचे, मग अडवणारं कोण? पंधराला लांब टिप लावा. ती 3 मिलिमीटर पुढे येईल, स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचे उडणारे थेंब, तिच्याच तोंडावर साचेल आणि वायर टिपेला चिकटून बसेल. प्रश्न वायरीचा, आपल्या टॉर्चचा नाही. छत्तीस नंबरच्या होल्डरला, म्हणजे टिप ज्यात फिरवून बसवतात त्या भागाला, एम-8 ची टिप लागते म्हणतात. तुमच्याकडे एम-6 असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळा. करंट होल्डरच्या आट्यांतूनच टिपेत जातो आणि टेफ्लॉनमधून तो जात नाही, हे टेफ्लॉनला कोण सांगायला गेलंय? इंची आट्यांची टिप हाती लागली तर फारच उत्तम. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. एक-दोन फेऱ्यांत ती अडेल, मग पान्यानं दाबून फिरवा. पितळ नमतं. नमलं की होल्डरचे आटे गेले आणि पुढच्या वेळी कुठलीही टिप बसेल, म्हणजे कुठलीच बसणार नाही.

आता लायनर, म्हणजे टॉर्चच्या केबलमधून वायर नेणारी आतली नळी. निळा 0.8 मिलिमीटरपर्यंतच्या वायरीला, लाल 1.0 ते 1.2 ला, पिवळा 1.6 ला. हे रंग रंगपंचमीसाठी असतात असं समजा आणि निळ्यातून 1.2 ची वायर घाला. मशीनमधला रोलर वायर ढकलतोय, लायनर घेत नाहीये, मधल्या बोटभर फटीतून वायर बाहेर पडते आणि सुगरणीनं बघत राहावं असं घरटं तयार होतं. अशा वेळी लायनर बदलायचा नसतो, रोलरचा दाब वाढवायचा असतो. दाबानं वायर चपटी होते, तिच्यावरचा तांब्याचा मुलामा खरवडून निघतो आणि तो भुगा आधीच अरुंद असलेल्या लायनरमध्ये जाऊन बसतो. मग दाब आणखी वाढवा. चार मीटरच्या टॉर्चला तीन मीटरचा लायनरही चालवून घेता येतो. शेवटच्या मीटरभरात वायरीला रस्ता नाही, एवढंच. आपल्या भागात नदीवर पूल असतो आणि त्याला जोडरस्ता नसतो, तरी माणसं पलीकडे जातातच ना! लायनर पुरता लांब असेल तर कापताना अंदाजपंचे कापा. टिपेमागे सेंटिमीटरभर मोकळी जागा राहिली की वायर तिथं गुडघा मोडून बसते.

केबल हा खरा आवडीचा विषय. 200 अँपिअरवर 35 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल 10 मीटरमागे साधारण 1 व्होल्ट खाते. त्याऐवजी 16 स्क्वेअर लावा: 2 व्होल्टच्या वर जातील, म्हणजे सव्वाचारशे वॅटची उष्णता. त्या 16 स्क्वेअरच्या आत ॲल्युमिनियम असेल तर साडेतीन व्होल्ट, 700 वॅट. हे एका बाजूचं. जॉबकडून मशीनला परत येणारी अर्थची केबल तशीच असेल तर दुप्पट धरा. डिसेंबरातल्या पहाटे पोरांना शेकायला बरी. आर्कला पुरेसे व्होल्ट न मिळाल्यानं वायर जॉबला ठोकर खाते आणि वेल्डचा मणी पत्र्यावर नुसता ठेवल्यासारखा दिसतो, पण प्रश्न वायरीचा. केबल घेताना सुरीनं तार खरवडून आतून पांढरी निघते का, हे मात्र कधी पाहू नका. उगाच मन दुखतं.

केबल मशीनला जिथं लागते त्या सॉकेटचंही तसंच. छोट्या कनेक्टरची पिन 9 मिलिमीटर, मोठ्याची 13. छोटी पिन मोठ्या सॉकेटात घाला, भोवती तांब्याची पट्टी गुंडाळा. फिरवून लॉक होत नाही? होऊ नये म्हणूनच तर माप वेगळं केलंय. त्या ढिल्या सांध्यात एक मिलिओहम रेझिस्टन्स उरला, तर 200 अँपिअरला 40 वॅट तिथंच जळतात. मशीनच्या सॉकेटात अखंड तापलेला सोल्डरिंग आयर्न खुपसून ठेवावा तसं. आठवड्यात पॅनलचं प्लास्टिक वितळून सॉकेट आत झुकतो. टॉर्चचे पैसे वाचले, आता मशीनचे बघू.

आर्गन गॅसवर टिग वेल्डिंग करणाऱ्यांनीही मन मोठं करावं. अठरा नंबरची टॉर्च पाण्यावर थंड होते, पण तिची कोलेट (टंगस्टन पकडणारा चिमटा), सिरॅमिक (तोंडावरचं टोपण) सगळं सतरा आणि सव्वीसला लागतं तेच. म्हणजे ती बिनपाण्याची चालवायला हरकत नाही. तिची केबल बारीक असते, कारण ती पाण्याच्या नळीतूनच जाते. पण इथं माणसांना पाणी टँकरनं येतं, टॉर्चला कुठून आणायचं? काही मिनिटांत नळी मऊ होते.

गॅस कटिंगपुरती चेष्टा बाजूला. ॲसिटिलीनच्या नटाला खाच आणि उलटे आटे असतात ते ऑक्सिजनशी अदलाबदल होऊ नये म्हणून. ते आटे पाडून जुळवायचे नाहीत, ऑक्सिजनच्या जोडाला तेल-ग्रीस लावायचं नाही आणि ॲसिटिलीनच्या फाटलेल्या नळीत तांब्याच्या पाइपचा तुकडा घालायचा नाही. तांब्याशी होणारं त्याचं संयुग धक्क्यानं फुटतं.

बाकी ट्रॉलीच्या वेल्डमध्ये भोकं दिसलीच, तर ग्राइंडर फिरवा, वरून रेड ऑक्साइडचे दोन हात मारा. हंगामात कारखान्याच्या रांगेत ट्रॉलीची साटी फाटली आणि मालक दुकानात आला, तर आधी चहा सांगा. मग म्हणा, "काय सांगू भाऊ, औंदा वायरच डुप्लिकेट आली बघा."