तालिबानचा जन्म ना व्हाइट हाउसात झाला, ना देवबंदात

माझा भाचा राज्यसेवेची तयारी करतो. अफगाणिस्तानातल्या तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री आमिर खान मुत्ताकी ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्लीला आले आणि तिथून देवबंदलाही जाऊन आले. तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक मेसेज त्याच्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वहीत जाऊन बसला आहे, तोही लाल शाईने अधोरेखित. ‘मावशी, पाचच मुद्दे आहेत, पाठ करायला सोपे,’ असं वर मलाच ऐकवतो.

मेसेजचा सारांश असा. एक, अमेरिकेने 1979 मध्ये रशियाविरुद्ध तालिबान उभं केलं आणि अध्यक्ष रेगनबरोबरचा फोटो हा त्याचा पुरावा. दोन, तालिबानचं मूळ देवबंद, आदेश तिथूनच सुटतात आणि म्हणून आपल्या गावातला मदरसा ही त्याचीच शाखा. तीन, कंदाहारचं विमान अपहरण तालिबानने केलं. चार, तालिबान, अल कायदा, आयसिस सगळे एकच. पाच, काही म्हणा, अफू त्यांनी बंद केली आणि आता ते सुधारलेत. अमेरिकेचं प्यादं, देवबंदचे शिष्य आणि वर सुधारलेले, हे सगळं एकाच वेळी! लिहिणाऱ्याने निदान एक बाजू तरी पकडायची.

फोटोचं आधी उरकते. तो फोटो खरा आहे, 1983 चा. त्यात रेगनसमोर बसलेत ते सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या अफगाण मुजाहिदीनांच्या बाजूचे लोक. तालिबान नावाची संघटना उभी राहिली 1994 मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. फोटोखाली जे वाक्य चिकटवतात, ‘हे आमच्या राष्ट्रसंस्थापकांच्या तोडीचे’, ते रेगन बोलले मार्च 1985 मध्ये, निकाराग्वाच्या काँत्रा बंडखोरांबद्दल. फोटो एका खंडातल्या लढवय्यांचा, वाक्य दुसऱ्या खंडातल्यांबद्दलचं.

यात अर्धसत्य आहे, ते मान्य करायलाच हवं. सीआयएने 1980 च्या दशकात आयएसआयमार्फत अफगाण लढवय्यांना पैसा आणि शस्त्रं पुरवली, सौदीनेही तितकीच भर घातली आणि 1986 पासून स्टिंगर क्षेपणास्त्रं आली. तालिबानचा संस्थापक मुल्ला उमर स्वतः त्या युद्धात लढला, एक डोळा गमावून बसला. पण आयएसआयने सगळ्यात मोठा वाटा दिला तो गुलबुद्दीन हिकमतयार या मुजाहिदीन सरदाराला. आणि फेब्रुवारी 1995 मध्ये त्याच हिकमतयारला काबूलजवळच्या चारास्याबच्या तळावरून हाकलून लावलं ते तालिबानने. म्हणजे अमेरिकेच्या पैशाचा सगळ्यात मोठा लाभार्थी तालिबानचा पहिला मोठा बळी ठरला.

अमेरिकेला तेव्हा काय ठाऊक होतं, हे वाचायचं असेल तर अमेरिकेचीच खुली झालेली कागदपत्रं आहेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या संशोधन संस्थेने इस्लामाबादच्या दूतावासातून गेलेल्या गुप्त तारा प्रसिद्ध केल्या आहेत. फेब्रुवारी 1995 मधल्या एका तारेत कंदाहारमधल्या तालिबानच्या भेटीचा वृत्तांत आहे आणि शीर्षकातच कबुली आहे, की उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त. ज्याने संघटना जन्माला घातली त्याचा दूतावास हे लोक कोण म्हणून विचारत फिरतो, असं कुठे होतं का? पुढे अमेरिकेने त्यांच्याकडे काणाडोळा केला, युनोकॅल कंपनीने गॅसवाहिनीच्या आशेने 1997 मध्ये तालिबानच्या शिष्टमंडळाला टेक्ससला पाहुणचार केला, हेही खरं. तो स्वार्थ होता. पण पाहुणचार करणारा काही जन्मदाता होत नाही.

जन्मदाता शोधायचाच तर कंदाहारच्या रस्त्यावर जावं लागेल. 1989 मध्ये सोव्हिएत फौजा गेल्या, 1992 मध्ये त्यांच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्लाचं सरकार पडलं आणि मुजाहिदीन सरदार एकमेकांवर तुटून पडले. कंदाहारच्या वाटेवर मैलामैलावर साखळी लावून खंडणी वसूल करणाऱ्या टोळ्या होत्या. लूटमार, बलात्कार रोजचेच. त्याला वैतागलेले गावोगावचे मुल्ला आणि जुने लढवय्ये मैवंदजवळच्या सिंगेसर गावच्या उमरभोवती जमले. त्याच वेळी पाकिस्तानला मध्य आशियाकडे जाणारा मोकळा रस्ता हवा होता. बेनझीर भुत्तोंचे गृहमंत्री नसीरुल्ला बाबर यांनी 1994 च्या शरदात मालट्रकांचा ताफा पाठवला. सरदारांनी तो अडवला आणि तालिबानने सोडवला. त्याआधी स्पिन बोल्दकचा शस्त्रसाठा त्यांच्या हाती आला होताच. नोव्हेंबरात कंदाहार पडलं, सप्टेंबर 1996 मध्ये काबूल. पैसा, इंधन, सल्लागार आणि सीमेपलीकडून येणारी ताज्या दमाची पोरं ही रसद इस्लामाबादकडून होती. मेसेजमध्ये पाकिस्तानचं नाव एकदाही नाही, आणि मला सगळ्यात जास्त याचंच आश्चर्य वाटतं.

आता देवबंद. इथे मला खरा राग येतो, कारण पहिल्या मुद्द्यातली चूक फार तर परीक्षेतले दोन गुण घालवील, ही चूक मात्र गल्लीतल्या शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोचते.

उत्तर प्रदेशातल्या देवबंदचा दारुल उलूम, म्हणजे मोठा मदरसा, 1866 चा. तालिबानचे पुढारी ज्या परंपरेतून शिकले ती देवबंदी, हे कुणी नाकारत नाही. पेशावरजवळच्या अकोडा खटकचा दारुल उलूम हक्कानिया 1947 मध्ये मौलाना अब्दुल हक यांनी काढला आणि ते देवबंदात शिकले-शिकवले होते. संबंध इथवर आहे. पण 1947 नंतर मध्ये सीमा आली आणि दोन्ही बाजूंचे रस्ते वेगळे झाले. इकडे देवबंदचे हुसेन अहमद मदनी फाळणीच्या विरोधात उभे राहिलेले, त्यांची जमियत ही उलेमांची संघटना काँग्रेसबरोबर. तिकडे पाकिस्तानात त्याच परंपरेचे पक्ष निवडणुका लढवणारे, सरकारात बसणारे. लष्करशहा झियांच्या काळात सरकारी जकातीचा पैसा मदरशांना सुरू झाला, सौदीचा वेगळा आला. तीसेक लाख अफगाण निर्वासित छावण्यांत होते आणि त्यांच्या पोरांना फुकट जेवण, झोपायला जागा आणि अक्षरओळख देणारं दुसरं काहीच नव्हतं. हक्कानियाच्या समीउल हक यांनी तर 1997 मध्ये मदरसा बंद करून विद्यार्थी आघाडीवर पाठवले. हे अकोडा खटकमध्ये घडलं, सहारनपूर जिल्ह्यात नव्हे.

आणि आदेश? फेब्रुवारी 2008 मध्ये देवबंदने देशभरातले उलेमा, म्हणजे धर्मपंडित, बोलावून परिषद घेतली आणि दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं. मुत्ताकींचं तिथे जे स्वागत झालं ते मला अजिबात पटलं नाही. मुलींच्या शाळांना कुलूप लावणाऱ्या राजवटीच्या मंत्र्यावर फुलं कशाला उधळायची? त्यावर टीका जरूर करा. पण मग त्याला दिल्लीत बोलावून परराष्ट्रमंत्र्यांनी चर्चा केली आणि त्याच भेटीत काबूलच्या आपल्या कार्यालयाला दूतावासाचा दर्जा द्यायचं जाहीर झालं, ते कुणाच्या आदेशाने? मौलवी भेटले की कट आणि सरकार भेटलं की मुत्सद्देगिरी, हा कुठला न्याय? कौलारू मशिदीत अलिफ-बे शिकणाऱ्या पोराचा कंदाहारशी संबंध लावायला पुरावा लागतो. मेसेजमध्ये तो नाही.

उरलेल्या मुद्द्यांना इतका वेळ द्यायची गरज नाही. डिसेंबर 1999 मध्ये इंडियन एअरलाइन्सचं आयसी 814 हे विमान कंदाहारला पळवणारे पाकिस्तानातल्या हरकत-उल-मुजाहिदीनचे होते. तालिबानने विमानाभोवती शस्त्रधारी उभे केले आणि ओलिसांच्या बदल्यात भारताच्या तुरुंगातून मसूद अझहर सुटल्यावर अपहरणकर्त्यांना सुखरूप जाऊ दिलं. हात होता, पण वेगळ्या तऱ्हेचा.

आयसिसची अफगाणिस्तानातली खुरासान शाखा 2015 मध्ये निघाली आणि तालिबानची कट्टर वैरी आहे. डिसेंबर 2024 मध्ये तिने तालिबानचा मंत्री खलील हक्कानी काबूलमध्ये बॉम्बने उडवला. अल कायदाचं मात्र मेसेज थोडं बरोबर सांगतो. तिचा म्होरक्या अयमान अल-जवाहिरी जुलै 2022 मध्ये मारला गेला तो काबूलच्याच एका घरात, तालिबानच्या पाहुणचारात.

अफूचं खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार 2022 मध्ये 2,33,000 हेक्टरवर असलेली लागवड 2023 मध्ये 10,800 वर आली. त्याआधी वीस वर्षं याच अफूच्या करावर त्यांची बंडखोरी पोसली गेली, हेही त्याच वहीत लिहायला हवं.

राहिलं ‘सुधारलेत’. 23 मार्च 2022 रोजी सहावीच्या वरच्या मुली दप्तर घेऊन वर्गात बसल्या होत्या. काही तासांत त्यांना घरी पाठवलं. डिसेंबरात मुलींना विद्यापीठंही बंद झाली. हुकूम तालिबानचा सर्वोच्च नेता हिबतुल्ला अखुंदजादाचा, कंदाहारहून.