गोळी काय कोणी तोंडात कोंबली होती?

पेनकिलरच्या व्यसनाची बातमी आली की खाली ही कमेंट ठरलेली. "गोळी काय कोणी तोंडात कोंबली होती?" घेणाऱ्याची चूक, विषय संपला.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, कोळशाच्या खाणींच्या मुलखात, केर्मिट नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम चारशे. तिथल्या एका मेडिकल दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन या अफूच्या जातीच्या, व्यसन लावणाऱ्या पेनकिलरच्या जवळपास ९० लाख गोळ्या आल्या. तान्ही बाळं धरून माणशी बावीस हजारांच्या वर! एरिक आयर या तिथल्या पत्रकाराने २०१६ मध्ये हे बाहेर काढलं. हा माल काही चोरवाटेने आला नव्हता. ऑर्डर, बिल, डिलिव्हरी, सगळं रीतसर. संशयास्पद ऑर्डर सरकारला कळवणं घाऊक वितरकांना कायद्याने बंधनकारक होतं. बिल फाडणाऱ्याला ९० लाखांचा आकडा दिसला नाही, यावर माझा तरी विश्वास नाही.

आणि औषध कंपन्या? पर्ड्यू या अमेरिकन औषध कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अशाच जातीचं पेनकिलर बाजारात आणलं. व्यसन लागण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी, असं त्यांचे एमआर डॉक्टरांना सांगत. या क्षेत्रात आधार म्हणून सर्रास दाखवलं जायचं ते १९८० सालचं एका वैद्यकीय नियतकालिकातलं पाच वाक्यांचं पत्र, तेही हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या पेशंटांबद्दलचं. पुढे माणसं मरायला लागली तेव्हा मालक घराण्यातल्या रिचर्ड सॅकलरने २००१ मध्ये ईमेलमध्ये लिहिलं की गैरवापर करणाऱ्यांनाच झोडपा, खरे गुन्हेगार तेच. म्हणजे आपली ती कमेंट मालकांनी आधीच लिहून ठेवली होती. २००७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये पुन्हा केला. सॅकलर घराण्यातलं कोणीही तुरुंगात गेलं नाही.

डॉक्टरही सुटत नाहीत. रोख घेऊन चिठ्ठ्या लिहिणारे होतेच. आणि पेशंटची जबाबदारी शून्य, असंही मी म्हणत नाही. पण कंबर धरली म्हणून डॉक्टरने लिहून दिलेली गोळी घेणाऱ्याला फक्त त्याची कंबर माहीत असते. आकडे ज्यांच्या टेबलावर होते, जाब आधी त्यांना विचारा.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर मुंबईत या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने एव्हिओ फार्मास्युटिकल्स या मुंबईच्या कंपनीवर शोधवृत्त केलं. टॅपेंटाडॉल (अफूच्या जातीचं पेनकिलर) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं, व्यसन लावणारं औषध) एकत्र केलेल्या गोळ्या इथून घाना, नायजेरियाला जात होत्या. असं मिश्रण औषध म्हणून जगात कुठेच मान्य नाही. छुप्या कॅमेऱ्यासमोर कंपनीच्या संचालकानेच कबूल केलं की हे तब्येतीला फार घातक आहे, पण आजकाल हाच धंदा आहे. मग धाड पडली, सुमारे १ कोटी ३० लाख गोळ्या-कॅप्सूल जप्त झाल्या, केंद्राने या मिश्रणाच्या निर्यातीच्या एनओसी मागे घेतल्या.

मागे घेतल्या, म्हणजे आधी दिल्या होत्या. आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठी बघितल्याशिवाय ट्रामाडॉल या पेनकिलरची एक स्ट्रिप देत नाही, आणि बरोबरच करतो. त्या एनओसीवर सही करताना कोणी काय बघितलं होतं? कंपनीवर कारवाई झाली, ठीक. आता त्या फायली जाहीर करा, सह्यांसकट.