ग्रीव्हजला दिवे का लावले: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण गाडीला दिवे लावल्याचा माझा लेख नीट वाचून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९६० ची ग्रीव्हज स्कॉटिश ही ब्रिटिश मोटारसायकल ट्रायल्सची (दगडधोंड्यांतून पाय न टेकता तोल सांभाळत जायच्या स्पर्धेची) गाडी, तिला दिवे लावणं म्हणजे 'पैठणीला चेन लावणं'. इंग्लंडात दिवसा बिनदिव्याची गाडी चालते, मग गरजच काय? आणि लावायचेच होते तर बारा व्होल्टची लिथियम बॅटरी टाकून एलईडी लावायचे, हे सहा व्होल्टचं मिणमिणतं प्रकरण कशाला? वर तुमच्या येझदीचा दाखला, आणि विकताना किंमत पडेल हा इशारा.

पैठणी झकास. पण अस्सलपणाचा आग्रह आणि लिथियम बॅटरी एकाच प्रतिक्रियेत कशा नांदतात, ते काही कळलं नाही.

मोटोक्रॉसची, म्हणजे बंद मैदानावरच्या शर्यतीची गाडी असती तर मी तुमच्याच बाजूने उभा राहिलो असतो. ट्रायल्सचं तसं नाही. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायलसारख्या स्पर्धेत दगडधोंड्यांचा एक टप्पा संपला की पुढच्या टप्प्यापर्यंत सार्वजनिक रस्त्यानेच जावं लागतं. म्हणून तर या गाड्यांना नंबर प्लेट असते, सायलेन्सर असतो. शिवाय या गाडीचं इंजिन ग्रीव्हजचं नाही, वुल्व्हरहॅम्प्टनच्या व्हिलियर्स कंपनीचं आहे, १९७ सीसीचं 'नाइन-ई'. रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या साध्या, दिवे असलेल्या गाडीतही हेच इंजिन असायचं. (अपंगांसाठीच्या इन्व्हाकार या तीनचाकीतही सुरुवातीला व्हिलियर्सच असायचं. ती कंपनी बर्ट ग्रीव्हज यांचीच, मोटारसायकली नंतर आल्या.) माझ्या गाडीचा मॅग्नेटो (इंजिनावर फिरून वीज तयार करणारी यंत्रणा) उघडला तेव्हा लाइटची कॉइल जागच्या जागी होती. तिची वायर कुणीतरी ग्रोमेटपाशी (वायर बाहेर येते तिथल्या रबरी कड्यापाशी) कापून वर काळी टेप गुंडाळली होती, आणि ती टेप आता बोटाने चुरत होती. म्हणजे दिवे मी घुसडलेले नाहीत, ते आधीच्या कुणा मालकाने काढले होते. स्पार्कची कॉइल वेगळी असते, त्यामुळे दिवे लावले म्हणून इंजिनाचा स्पार्क कमी होत नाही.

आता बॅटरी. तुमच्या जुन्या येझदीत डायनामो आहे, तो डीसी देतो, बॅटरी चार्ज करतो. तुमचा अनुभव त्या गाडीपुरता सोळा आणे खरा. माझ्या गाडीत मात्र मॅग्नेटोचं फ्लायव्हील, म्हणजे चुंबकं बसवलेलं जड चाक, फिरलं की कॉइलमधून एसी निघतो आणि थेट बल्बात जातो. यात गंमत अशी की व्होल्टेज ठरवतो तो बल्बचा लोड. माझ्याकडे पुढे २४ वॉटचा बल्ब आहे आणि मागे ३ वॉटचा. पुढचा उडाला की सगळा जोर मागच्या चिमुकल्या बल्बावर येतो आणि क्षणात तोही जातो. डिपर मारतानाही तेच. म्हणून स्विच असा लागतो की दुसरा फिलामेंट जोडला गेल्यावरच पहिला सुटेल. बाजारातला कुठलाही डिपर स्विच लावला तर दर चार वळणांना मागचा बल्ब बदलत बसा.

उजेड कमी, हे मान्य. त्याहून वाईट म्हणजे रेस उतरली की तो आणखी उतरतो, आणि दगडी उतारावर नेमकी रेस उतरलेली असते. एलईडीला एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि थोडी वीज साठवणारा मोठा कपॅसिटर लावला तर बॅटरीशिवायही काम भागतं. ज्यांना रात्रीचं लांब जायचं आहे त्यांनी खुशाल तसं करावं. मला सीटखाली आणखी तीन डबे नको होते.

मिणमिणतेपणाचं निम्मं कारण तर खराब अर्थिंग, म्हणजे बल्बातून वीज परत नेणारी जोडणी, हे असतं. सहा व्होल्टात अर्धा व्होल्ट गंजात गेला तरी तो डोळ्यांना दिसतो. रंगवलेल्या चेसिसवर भरवसा न ठेवता प्रत्येक होल्डरपासून इंजिनापर्यंत वेगळी अर्थ वायर ओढली आहे. आणि ट्रायल्सचं हँडल खूप वळतं, म्हणून हेडस्टॉकपाशी (हँडल चेसिसला जोडलेलं असतं तिथे) वायरला सैल वळसा ठेवला आहे. तिथे सोल्डर केलेला जोड नको, हादऱ्यांनी तो जिथे कडक भाग संपतो तिथेच तुटतो.

राहिली सवलत. सूर्योदय ते सूर्यास्त बिनदिव्याची गाडी इथे इंग्लंडात चालते, बरोबर. पण डिसेंबरात डर्बीशायरला चारच्या आत-बाहेर सूर्य मावळतो. घाटातून उतरताना टायर पंक्चर झालं की कायदा आणि अंधार दोन्ही एकदमच अंगावर येतात. मला या दिव्यांनी रस्ता उजळायचा नाही, मागून येणाऱ्या गाडीला मी दिसलो म्हणजे झालं.

आणि विकताना किंमत पडेल म्हणता, तर चेसिसला किंवा मडगार्डला एकही नवं भोक पाडलेलं नाही. पुढचा दिवा क्लॅम्पवर आहे, मागचा नंबर प्लेटच्या पट्टीवर. घेणाऱ्याला नको असतील तर त्याने पाना घ्यावा आणि काढावेत. कॉइलची वायर मात्र कापू नये, एवढं मी त्याला सांगेन.