तीन खिडक्यांच्या कूपेचं छत आम्ही का कापलं नाही: एका स्टारला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण आमच्याकडे गाडी द्यायची की नाही हे ठरवणारी मंडळी इथेच वाचतात आणि त्यांच्यासमोर अर्धीच हकीकत आली आहे. उरलेली मी लिहितो.

तुमचं म्हणणं असं की तुम्ही १९३२ची फोर्ड, तीन खिडक्यांची कूपे (दोन दारांची, बंद छताची गाडी), छत ४ इंच खाली घेऊन आत शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक (लहान बांध्याचं व्ही-८) इंजिन बसवण्यासाठी आणलीत. आम्ही तपासणीचे पैसे घेतले, गाडी ठेवून घेतली आणि शेवटी नकार दिला. "हॉट रॉड बनवतो म्हणून मिरवतात आणि कटर हातात घ्यायची वेळ आली की प्रवचन देतात," हे तुमचे शब्द. (हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी कापून-बदलून वेगवान केलेली.)

तपासणीच्या पैशांबद्दल एवढंच: रक्कम आधी सांगितली होती, होकार लेखी घेतला होता, आणि फोटोंसकट रिपोर्ट तुमच्या हातात दिला. काम घेणार की नाही हे तपासणीनंतर ठरेल, ही ओळही त्याच कागदावर आहे.

आता गाडी. या वयाची कूपे आली की आम्ही आधी आतलं अस्तर बाजूला करून छत तोलणाऱ्या खांबांकडे बघतो. बहुतेक वेळा तिथेच सगळं उघडं पडतं: जुने वेल्डिंगचे टाके, पुट्टीचा जाड थर, कुणीतरी कधीतरी ठोकलेली पट्टी. तुमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. त्या काळच्या फोर्डच्या छताला मधोमध पत्रा नसायचा. मोठी मोकळी चौकट असायची आणि तिच्यावर लाकडी पट्ट्यांच्या आधाराने कापड ताणलेलं असायचं. फोर्डचं अखंड पोलादी छत १९३७ला आलं. तुमच्या गाडीत त्या लाकडी पट्ट्या जागेवर आहेत. मागून उघडणारी दोन्ही दारं चौकटीत अशी बसतात की कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी. चासीच्या कडेचा उठाव, ज्याच्यासाठी लोक आधीच्या मॉडेल ए गाडीची बॉडी उचलून ३२च्या चासीवर बसवत आले, तोही कुठे चेपलेला नाही. आमचा पत्राकामाचा माणूस या गाड्या कापण्यात मुरलेला आहे. टॉर्च विझवून तो म्हणाला, "ही मी कापणार नाही." तुम्ही समोरच होतात.

छत खाली घेणं म्हणजे खांबातून ४ इंचांचा तुकडा काढून वरचा भाग खाली टेकवणं, असं वाटतं. खांब सरळ उभे असते तर तसंच झालं असतं. ते थोडे मागे झुकलेले असतात आणि वर जाताना आतही येतात. त्यामुळे छत खाली आणलं की वरचा आणि खालचा तुकडा एका रेषेत येतच नाही. मग खांब कलवा, नाहीतर छत उभं-आडवं कापून लांबवा. दारांच्या चौकटी, काचा आणि काचांच्या आतल्या पट्ट्या, सगळं त्याच मापाने कापावं लागतं. पातळ पत्रा गरम झाला की लाटा धरतो, म्हणून एक टाका मारायचा, थंड होऊ द्यायचा, दुसरा लांब मारायचा, मग खाली ठोकळा धरून हातोडीने बसवायचं. हे आम्ही आनंदाने करतो. आमच्याकडून कापून गेलेल्या गाड्यांचे फोटो पाहूनच तुम्ही आलात. पण त्यातली एकही गाडी आली तेव्हा शाबूत नव्हती. कुणाचा मागचा भाग गंजून गेलेला, कुणाचं छत आधीच कुणीतरी कापून अर्धवट सोडलेलं.

तुमच्या अभिप्रायातला एक मुद्दा मात्र वजनदार आहे. तुम्ही लिहिलंत की बॅरिस बंधूंनी असा विचार केला असता तर हिरोहाता मर्क झालीच नसती. खरं आहे. बॅरिस बंधू म्हणजे अमेरिकेतले गाड्या कापून नव्याने घडवणारे कारागीर, आणि हिरोहाता मर्क ही त्यांची गाजलेली गाडी. ती १९५१ची मर्क्युरी होती आणि १९५२मध्ये, जवळजवळ नवी असताना, तिचं छत समोरून ४ आणि मागून ७ इंच कापलं गेलं, मधले खांबही गेले. त्यांनी शाबूत गाडीच कापली. फरक इतकाच की तशा मर्क्युरी तेव्हा वर्षाला लाखांनी बनत होत्या. एक बिघडली असती तर दुसरी शोरूममध्ये उभी होती. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पोरं जी फोर्ड पळवायची, ती तर कुणालाच नको असलेली जुनी गाडी असायची. छत कापायचं ते समोरचा वारा कमी अडावा म्हणून आणि मडगार्ड काढायचे ते वजन उतरावं म्हणून. त्या दिवसांत कापलेली गाडी आज आली तर तिचं छत पुन्हा वर करायलाही आम्ही नकार देऊ. १९९७मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात हॉट रॉडसाठी पहिल्यांदा वेगळा वर्ग ठेवला आणि तिथे जिंकलेली हॉट रॉडवाल्या डोएन स्पेन्सरची रोडस्टर (पक्कं छत नसलेली गाडी) हीसुद्धा ३२ची फोर्डच. त्या गाडीवरचा प्रत्येक बदल आता तिच्या इतिहासाचा भाग आहे. तुमच्या गाडीचा इतिहास असा की नव्वदहून अधिक वर्षांत तिला कुणी हात लावला नाही. तो पुसण्याचं काम आम्हाला नको होतं. याला तुम्ही प्रवचन म्हणा.

इंजिनाबद्दल. "फ्लॅटहेड उकळतंच, सगळे जाणतात" असं तुम्ही लिहिलंत. फ्लॅटहेड म्हणजे तुमच्या गाडीतलं फोर्डचं मूळ व्ही-८ इंजिन. त्याला कारण आहे. या व्ही-८मध्ये एक्झॉस्टचा गरम वायू ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जागेतून बाहेर काढलेला आहे. प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच वाट आहे, म्हणून चार सिलिंडरांना तोंडं तीनच. ती सगळी उष्णता रेडिएटरच्या गळ्यात पडते. पण तुमचं इंजिन उकळत होतं ते निव्वळ एवढ्यामुळे नाही. पाण्याच्या वाटा धुतल्या तेव्हा तळाशी तपकिरी गाळ निघाला आणि त्यात कारखान्यात ब्लॉक ओतला तेव्हाची साच्याची वाळू होती. चिमटीत घेऊन तुम्हाला दाखवली, ती करकरत होती. धुतल्यावर गाडी उभ्या जागी बराच वेळ चालू ठेवली आणि तापमानाचा काटा हलला नाही. हे तुमच्या अभिप्रायात आलेलं नाही. धुण्याचे वेगळे पैसेही लावले नव्हते.

स्मॉल ब्लॉकशी आमचं वैर नाही. १९५५ला ते आलं आणि अर्ध्या हॉट रॉड जगाने फ्लॅटहेड उतरवून ठेवलं, ते उगाच नाही. पण त्याचा डिस्ट्रिब्यूटर (सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) मागच्या बाजूला असतो, तो फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला, भिडतो, म्हणून फायरवॉल कापून आत घ्यावी लागते. गिअरबॉक्स वेगळा, म्हणून चासीचा मधला सांगाडा कापावा लागतो. मागच्या चाकांना गती देणारा मूळ शाफ्ट बंद नळीतून जातो, म्हणून मागचा ॲक्सलही बदलतो. इंजिन बदलणं म्हणजे चार बोल्ट काढणं, असं जे सांगतात त्यांनी या गाडीवर ते केलेलं नसतं.

आणि आम्ही नुसता नकार देऊन मोकळे झालो नाही. दोन पर्याय लेखी दिले होते. पहिला: तुमचीच गाडी, पुढे खाली वाकवलेला ॲक्सल, सळ्यांवरच्या ब्रेकऐवजी १९३९ ते ४८च्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक, मागे मोठी आणि पुढे लहान चाकं, फ्लॅटहेडवर दोन कार्बोरेटर. उभी राहण्याची ढब पूर्ण हॉट रॉडची, आणि मूळ भाग खोक्यात चिठ्ठ्या लावून तुमच्या ताब्यात. दुसरा: ३२च्या बॉडी आता नव्या पोलादात बनून मिळतात. तशी एक मागवा, ४ काय, हवे तितके इंच कापू, स्मॉल ब्लॉक बसवू आणि रंगही तुम्ही म्हणाल तो. दुसऱ्यावर तुम्ही "नकली गाडी नको" म्हणालात. ते मला समजतं. पण अस्सल आहे म्हणून हवी आणि कापूनही हवी, इथे आमचं गाडं अडतं.

तुम्ही दुसरीकडे काम देताय असं कळलं. गाडी तुमची आहे, निर्णयही तुमचाच. फक्त त्यांना आमचा रिपोर्ट दाखवा, मापं त्यात आहेत. कापण्याआधी आतून चौकोनी नळ्यांचा आधार वेल्ड करून घ्यायला सांगा, नाहीतर छत सुटताच दारांची फट जाईल. खांबांतून निघालेले तुकडे आणि छताची लाकडं भंगारात जाऊ देऊ नका, मागून घ्या. काचा लॅमिनेटेडच घ्या, टेम्पर्ड काच कापता येत नाही. आणि तोवर गाडी चालवणार असाल तर रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालू नका, गंज थांबवणारं कूलंट घाला.

पहिला पर्याय अजून खुला आहे. फोन करून या.