'भाकरी हवी तितकी खा, गोळ्या बंद करा': मधुमेहावरच्या या मेसेजमध्ये चूक कुठे आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला सतत फिरतो. नुकतीच शुगर निघाली असेल तर पोळी आणि भात बंद करा, भाकरी हवी तितकी खा, साखरेऐवजी गूळ घ्या, गोळ्यांनी किडनी खराब होते म्हणून त्या सोडा, म्हणजे तीन महिन्यांत मधुमेह मुळापासून जातो. मला याची काळजी वाटते, कारण यातला एक भाग खरा आहे. नव्यानं टाइप टू मधुमेह कळलेल्या माणसानं कर्बोदकं कमी केली तर साखर खरोखर उतरते, अनेकांची तर काही दिवसांतच. त्या अनुभवामुळे बाकीच्या मजकुरावरही विश्वास बसतो.

आधी भाकरी. ज्वारी, बाजरी किंवा गहू, कुठलंही पीठ घ्या, शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं साधारण ६० ते ७० ग्रॅम असतात. न चाळलेल्या कणकेत चोथाही भाकरीच्या पिठाइतकाच असतो. शिवाय एका फुलक्याला लागतं त्याच्या दुप्पट पीठ एका जाड भाकरीत सहज जातं. म्हणून पोळी सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्याची कर्बोदकं वाढलेलीही असू शकतात. कमी करायची तर भाकरी अर्धी, आणि भूक भागवायला मेथी, वांगं, कोशिंबीर, अंडी, मासे, पनीर. उसळ चालते, पण तिच्यातही कर्बोदकं आहेत, ती धरूनच. उपवासाच्या साबुदाण्याबद्दल हा मेसेज काहीच बोलत नाही, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

गुळाचं थोडक्यात: तो मुख्यतः साखरच आहे आणि रक्तातली साखर तसाच वाढवतो.

गोळ्यांचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा. सुरुवातीला बहुतेकांना मेटफॉर्मिन दिलं जातं. त्यानं किडनी बिघडत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर त्याचा डोस कमी करतात किंवा ते थांबवतात, त्यावरून ही समजूत पसरली असावी. दीर्घकाळ घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं, ते तपासून घ्यावं. मात्र ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डोस तोच ठेवून भात-पोळी एकदम तोडली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते: दरदरून घाम, थरथर, कधी शुद्ध हरपते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा धोका वेगळा. कर्बोदकं फार कमी झाली तर त्यांच्या रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) साचून आम्लता वाढू शकते, आणि ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून घरच्यांना संशयच येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं. म्हणजे गोळ्या कमी होऊ शकतात, काहींच्या बंदही होतात. पण त्यासाठी आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. आपल्या मनानं गोळी सोडायची नाही, आणि न सांगता ताटही उलटंपालटं करायचं नाही.

आता 'मुळापासून'. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. दुसऱ्या वर्षाअखेरीस हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. तो आहार कमी कर्बोदकांचा नव्हताच, तिथे उपयोगी पडलं ते उतरलेलं वजन: १५ किलो किंवा जास्त उतरलेल्यांत पहिल्या वर्षी ८६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. कमी कर्बोदकांच्या आहाराच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये आला. त्यात सहा महिन्यांना फायदा स्पष्ट दिसला, वर्षभरात तो बराच ओसरला. नव्या रुग्णानं उमेद धरावी इतकं हे नक्कीच मोठं आहे.

पण वजन आपोआप झरझर उतरत असेल, तहान-लघवी वाढली असेल, तर भात कमी करून वाट पाहत बसू नये. अशा माणसाला इन्सुलिनची गरज असू शकते, आणि कधी तो टाइप टू मधुमेह नसतोही.

तज्ज्ञांच्या २०२१ च्या व्याख्येनुसार गोळ्या थांबवल्यानंतर किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्याला रेमिशन, म्हणजे मधुमेह मागे हटणं, म्हणतात, मुळापासून जाणं नव्हे. साखर पुन्हा चढू शकते, म्हणून त्यानंतरही वर्षातून एकदा तरी एचबीएवनसी करायचं, आणि डोळ्यांचा पडदा व लघवीतली प्रथिनं यांची तपासणीही चालू ठेवायची.