एकच टेबल किती वेळा जोडायचं?

आज परत तेच. लातूरच्या सोयाबीन खरेदीचा रिपोर्ट चुकला म्हणून क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा) उघडली तर शेतकऱ्यांच्या माहितीचं एकच टेबल, ज्यात प्रत्येक माहितीची वेगळी ओळ असते, ते 10 वेळा जॉइन केलेलं, म्हणजे जोडलेलं! मोबाइलसाठी एकदा, गट नंबरसाठी एकदा, बँक खात्यासाठी परत एकदा, आणि एलियस, म्हणजे क्वेरीत टेबलाला दिलेलं टोपणनाव, काय तर टी१, टी२, टी३... टी७ मधी काय आहे हे कुणी सांगावं? लिहिणाऱ्याला तरी आठवतंय का?

अरे, एका शेतकऱ्याचे 2 मोबाइल असतात, 3 गट असतात, आपल्याकडं घरोघरी हेच आहे ना? मग 2 गुणिले 3, एका खरेदीच्या 6 ओळी झाल्या. बिचाऱ्यानं 10-10 क्विंटल दोनदा घातलं, रिपोर्ट म्हणतो 120 क्विंटल! ते झाकायला कुणीतरी सममधी (बेरजेत) डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरा) घुसवलं, तर दोन्ही 10 सारखेच म्हणून एक गायब, राहिले 10. खरे 20 कुठंच नाहीत! माणसाच्या घामाचा माल आहे तो, असा कसा उडवता?

आणि ज्याचं बँक खातं भरलेलं नाही तो तर यादीतूनच गेला, कारण साधा जॉइन, जोडी नसलेली ओळ तो टाकून देतो. जोडी नसली तरी ओळ ठेवणारा लेफ्ट जॉइन लिहायला काय जातं?

माहितीचं टेबल एकदाच वाचा, शेतकऱ्यावर ग्रुप बाय करा (एकेका शेतकऱ्याच्या ओळी एकत्र करा), मॅक्समधी (सगळ्यात मोठी किंमत) केस व्हेन (अमुक माहिती असेल तरच घ्या) लिहून रकाने काढा, एका शेतकऱ्याची एकच ओळ, आणि मग खरेदीला जोडा. कितींदा सांगितलं. तरी काल नवीन रकाना मागितला तर पठ्ठ्यानं टी१० जोडून दिला!